महाविद्यालयातील शिसे-आम्ल बॅटरी संच आणि स्मार्ट चार्जर : देखभालीचे शास्त्र व व्यवहार

गोषवारा :

संगणक प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय आणि परीक्षा विभाग यांच्या अखंड वीजपुरवठ्यासाठी महाविद्यालयांमध्ये शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे संच मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. हे संच पुष्कळदा अपेक्षित आयुष्यापूर्वीच निकामी होतात आणि त्याचे खापर बॅटरीच्या दर्जावर फोडले जाते. वस्तुतः बॅटरीचे आयुष्य प्रामुख्याने चार्जिंगची पद्धत, तापमान आणि नियमित नोंदी या तीन बाबींवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात शिसे-आम्ल घटाचे कार्य, तो निकामी होण्याची कारणे आणि स्मार्ट चार्जरची कार्यपद्धती यांचे विवेचन केले आहे. स्मार्ट चार्जर संपूर्ण संचाच्या एकत्रित विद्युतदाबावर निर्णय घेतो, संचातील एकेका घटाची स्थिती त्याला समजत नाही. म्हणून असा चार्जर बसवल्यानंतरही मानवी निरीक्षणाची गरज संपत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : शिसे-आम्ल बॅटरी, स्मार्ट चार्जर, फ्लोट चार्जिंग, सल्फेटीकरण, विशिष्ट गुरुत्व, यूपीएस.

१. प्रस्तावना :

महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन हा दैनंदिन जीवनाचा भाग झाला होता. त्याच काळात महाविद्यालयांतील संगणकीकरणाने वेग घेतला. त्यामुळे इन्व्हर्टर, यूपीएस आणि त्यांना जोडलेले बॅटरी संच ही महाविद्यालयाची अत्यावश्यक साधनसामग्री बनली. पुढे वीजपुरवठ्यात सुधारणा झाली, तरी ही गरज संपली नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसरातील वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. प्रवेश, परीक्षा, निकाल आणि मूल्यांकन ही सर्व कामे आज संगणकावर होत असल्याने काही मिनिटांचा व्यत्ययही महाग पडतो.

असे असूनही बॅटरी संच हा महाविद्यालयातील सर्वाधिक दुर्लक्षित घटक आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. तो जिन्याखाली, व्हरांड्याच्या टोकाला किंवा बंद खोलीत ठेवलेला असतो. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद असते, परंतु त्याच्या प्रकृतीची नोंद कोठेही नसते. यूपीएसच्या वार्षिक देखभाल करारात बॅटऱ्यांचा समावेश बहुधा नसतो. परिणामी ऐन परीक्षेच्या वेळी वीज जाते, यूपीएस दोन मिनिटांत बंद पडतो आणि मग सोळाच्या सोळा बॅटऱ्या बदलण्याचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे येतो. नवा संच बसतो, परंतु तो ज्या कारणाने निकामी झाला ते कारण तसेच राहते.

अलीकडे या प्रश्नावर उपाय म्हणून स्मार्ट चार्जरकडे पाहिले जाते. अनेक नव्या यूपीएसमध्ये तो अंतर्भूतच असतो. ‘बसवा आणि विसरा’ अशी त्याची ख्याती आहे. या ख्यातीतील पहिला शब्द खरा असला तरी दुसरा धोक्याचा आहे.

२. उद्दिष्टे :

१. शिसे-आम्ल घटाचे कार्य आणि तो निकामी होण्याची कारणे स्पष्ट करणे.
२. स्मार्ट चार्जरच्या कार्याचे टप्पे व तापमानाशी असलेला त्यांचा संबंध विशद करणे.
३. स्मार्ट चार्जरच्या मर्यादा दाखवणे.
४. महाविद्यालयीन स्तरावर अमलात आणता येईल अशी देखभालीची कार्यपद्धती सुचवणे.

३. शिसे-आम्ल घटाचे कार्य :

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये पुन्हा चार्ज करता येणारा पहिला व्यवहार्य विद्युतघट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या संयुगांचा लेप दिलेल्या प्लेट्स वापरण्याची पद्धत आणली आणि या घटाच्या औद्योगिक उत्पादनाचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर रचनेत पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु घटामधील मूलभूत रसायनशास्त्र मात्र तेच राहिले आहे.

चार्ज झालेल्या घटात धन प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल असते. घट वीज देऊ लागला की दोन्ही प्लेट्सवर शिसे सल्फेट तयार होते, आम्ल खर्च होते आणि पाणी निर्माण होते. चार्जिंगच्या वेळी हीच क्रिया उलट होते. या साध्या विधानातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आम्ल हे येथे केवळ माध्यम नसून अभिक्रियेतील भागीदार आहे. म्हणूनच आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजले की घटात किती ऊर्जा शिल्लक आहे, हे समजते. दुसरी, डिस्चार्ज झालेल्या प्रत्येक घटात सल्फेट असतेच. त्याची निर्मिती हा दोष नव्हे. ते वेळेवर परत न फिरणे, हा दोष आहे.

पूर्ण चार्ज झालेल्या घटाचे विशिष्ट गुरुत्व रचनेनुसार १.२६ ते १.२८ असते. उष्ण हवामानासाठी बनवलेल्या अनेक ट्यूब्युलर बॅटऱ्यांमध्ये ते मुद्दाम १.२४० च्या आसपास ठेवले जाते. विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात ०.८४ मिळवले की विश्रांती अवस्थेतील एका घटाचा विद्युतदाब साधारणतः मिळतो. उदाहरणार्थ, १.२४० विशिष्ट गुरुत्वाच्या घटाचा दाब सुमारे २.०८ व्होल्ट आणि सहा घटांच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.५ व्होल्ट येतो. अर्थात हे मापन चार्जर व भार दोन्ही तोडून काही तास विश्रांती दिल्यानंतरच विश्वसनीय ठरते. चार्जर चालू असताना मोजलेला दाब हा चार्जरचा असतो, बॅटरीचा नव्हे.

४. बॅटरी निकामी होण्याची कारणे :

४.१ अपुरे चार्जिंग : डिस्चार्जनंतर तयार झालेले शिसे सल्फेट प्रारंभी बारीक कणांच्या स्वरूपात असते आणि चार्जिंगने सहज परत फिरते. बॅटरी दीर्घकाळ अर्धवट चार्ज राहिली तर हे कण मोठे व कठीण होतात. यालाच सल्फेटीकरण म्हणतात. भारनियमनाच्या काळात बॅटऱ्या लवकर निकामी होण्याचे हे प्रमुख कारण होते. सकाळी व सायंकाळी अशी दोन वेळा वीज जात असेल, तर मधल्या वेळेत बॅटरी ८० ते ९० टक्क्यांपर्यंत भरते, परंतु उरलेले १० ते २० टक्के रोज मागे राहतात. ते सल्फेट साचत जाते आणि काही महिन्यांत बॅटरीची क्षमता ढासळते.

४.२ अतिरिक्त चार्जिंग : प्लेट्सवरील सल्फेट संपल्यानंतरही प्रवाह चालू राहिला, तर तो पाण्याचे विघटन करतो व हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू बाहेर पडतात. एका ॲम्पिअर-तासामागे प्रत्येक घटातील सुमारे ०.३३६ ग्रॅम पाणी नष्ट होते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु केवळ अर्धा ॲम्पिअर अनावश्यक प्रवाह महिनाभर चालू राहिल्यास एका घटातील सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे सहा घटांच्या बॅटरीतील पाऊण लिटरच्या जवळपास पाणी कमी होते. त्याच वेळी धन प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते. पाणी पुन्हा भरता येते, परंतु गंजलेली जाळी पूर्ववत करता येत नाही.

४.३ आम्लाचे थर : चार्जिंगच्या वेळी निर्माण होणारे संहत आम्ल जड असल्याने तळाशी बसते व वरच्या भागात ते सौम्य राहते. त्यामुळे प्लेटचा खालचा भाग सल्फेटीकरणाला बळी पडतो आणि वरच्या भागातून घेतलेले हायड्रोमीटरचे वाचन फसवे ठरते. उंच ट्यूब्युलर बॅटऱ्यांत ही अडचण अधिक जाणवते.

४.४ दीर्घकाळ न वापरणे : बॅटरी वापरात नसतानाही हळूहळू उतरत जाते आणि तापमान वाढले की हा वेगही वाढतो. २०२० च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी महाविद्यालयांचे विभाग महिनोन्‌महिने बंद राहिले. जेथे सुरक्षिततेच्या सद्‌हेतूने मुख्य स्विच बंद केला गेला, तेथील बॅटऱ्यांना चार्जिंग मिळण्याचा मार्गच उरला नव्हता. उन्हाळी सुट्टीत लहान प्रमाणावर दरवर्षी हेच घडते.

येथे एक बदल लक्षात घेणे अगत्याचे आहे. भारनियमनाच्या काळात बॅटऱ्या प्रामुख्याने अपुऱ्या चार्जिंगमुळे निकामी होत. आज जेथे वीज क्वचितच जाते, तेथे बॅटरी जवळजवळ संपूर्ण आयुष्य चार्जरला जोडलेल्या अवस्थेत घालवते. त्यामुळे संकटाचे स्वरूप पालटले असून अतिरिक्त चार्जिंग, पाणी आटणे आणि जाळी गंजणे ही कारणे पुढे आली आहेत. जुन्या अनुभवावर आधारलेली देखभाल नव्या परिस्थितीत अपुरी पडते, ती यामुळेच.

५. स्मार्ट चार्जरची कार्यपद्धती :

जुन्या पद्धतीचा चार्जर म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर यांची साधी जोडणी होय. मुख्य वाहिनीचा दाब वाढला की त्याचा दाब वाढतो, कमी झाला की कमी होतो. बॅटरी भरली आहे की नाही, हे त्याला समजत नाही. स्मार्ट चार्जरमध्ये सूक्ष्मनियंत्रक असतो. तो विद्युतदाब, विद्युतप्रवाह आणि वेळ यांचे, तसेच चांगल्या प्रतीच्या उपकरणात तापमानाचे, सतत मापन करून चार्जिंगचे टप्पे बदलतो.

पहिला टप्पा, बल्क : यात प्रवाह स्थिर ठेवला जातो. ट्यूब्युलर बॅटरीसाठी तो साधारणतः क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे १५० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीस १५ ॲम्पिअर इतका असतो. दाब हळूहळू वाढत जातो. या टप्प्याअखेर बॅटरी सुमारे ८० टक्के भरते.

दुसरा टप्पा, ॲब्सॉर्प्शन : दाब प्रतिघट सुमारे २.४० व्होल्ट, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीस १४.४ व्होल्ट झाला की तो तेथेच स्थिर धरला जातो आणि प्रवाह आपोआप कमी होत जातो. उरलेले २० टक्के चार्जिंग याच टप्प्यात होते व त्यास कित्येक तास लागतात. सल्फेटीकरण टाळण्याच्या दृष्टीने हाच टप्पा निर्णायक आहे आणि घाईत नेमका तोच वगळला जातो.

तिसरा टप्पा, फ्लोट : प्रवाह ठरावीक मर्यादेखाली आला की चार्जर दाब कमी करून तो प्रतिघट २.२५ ते २.३० व्होल्ट, म्हणजे प्रतिबॅटरी १३.५ ते १३.८ व्होल्ट ठेवतो. स्वतःहून होणारी झीज भरून काढण्यापुरताच प्रवाह यात दिला जातो.

चौथा टप्पा, समीकरण : यात दाब काही तासांसाठी मुद्दाम प्रतिघट २.५ ते २.६ व्होल्टपर्यंत नेला जातो. वायूच्या बुडबुड्यांनी आम्ल ढवळले जाते, थर मोडतात आणि मागे पडलेले घट इतरांच्या बरोबरीस येतात. हा टप्पा केवळ पाणी भरता येणाऱ्या बॅटऱ्यांसाठी आहे. देखभालमुक्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंदिस्त बॅटरीला तो दिल्यास वायू झडपेतून निसटतो आणि गेलेले पाणी परत भरण्याची सोय नसल्याने ती कायमची कोरडी पडते.

यावरून चार्जरवरील बॅटरीच्या प्रकाराची निवड किती महत्त्वाची आहे, हे ध्यानात येईल. ट्यूब्युलर, बंदिस्त आणि जेल या प्रकारांसाठी दाबाच्या मर्यादा भिन्न असतात. लिथियम बॅटरीचा प्रकार तर सर्वस्वी वेगळा आहे. जुन्या ट्यूब्युलर बॅटऱ्या काढून बंदिस्त बॅटऱ्या बसवल्या, परंतु चार्जरवरील निवड तीच ठेवली, तर नवा संच अल्पावधीत निकामी होतो. अशा वेळी बॅटरी बदलणाऱ्याने चार्जरकडे पाहिले होते काय, हा पहिला प्रश्न असावयास हवा.

काही चार्जरमध्ये स्पंदनांच्या साहाय्याने सल्फेट काढून टाकण्याची सोय असल्याचे सांगितले जाते. सौम्य सल्फेटीकरण दीर्घ व नियंत्रित चार्जिंगने बऱ्याच अंशी कमी होते. परंतु वर्षानुवर्षे कठीण झालेले सल्फेट किंवा गंजलेली जाळी कोणत्याही चार्जरने पूर्ववत होत नाही. म्हणून या सोयीवर विसंबून देखभाल टाळणे शहाणपणाचे नाही.

६. तापमानाचा प्रश्न :

चार्जिंगसाठी सांगितलेले दाबाचे सर्व आकडे साधारणतः २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी असतात. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. म्हणून प्रत्येक अंशामागे प्रतिघट ३ ते ५ मिलिव्होल्ट दाब कमी करावा लागतो. ४ मिलिव्होल्ट हे प्रमाण धरल्यास ४० अंश तापमानाला बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब ०.३६ व्होल्टने कमी हवा. म्हणजे १३.६ ऐवजी सुमारे १३.२४ व्होल्ट. उलट हिवाळ्यात १५ अंशाला तो ०.२४ व्होल्टने अधिक हवा.

नागपूर, चंद्रपूर अशा ठिकाणी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेथे तापमानानुसार दाब न बदलणारा चार्जर बॅटरीला रोज अतिरिक्त चार्जिंग देत राहतो. तापमानात ८ ते १० अंशांची कायमस्वरूपी वाढ झाल्यास बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. पाच वर्षे टिकावयाची बॅटरी अडीच वर्षांत संपते, तेव्हा दोष कारखान्याचा असेलच असे नाही. तो खोलीचाही असू शकतो.

याबाबतीत एक चूक विशेष करून आढळते. यूपीएस वातानुकूलित संगणक प्रयोगशाळेत आणि बॅटऱ्या बाहेर जिन्याखाली, अशी मांडणी असते. तापमान संवेदक चार्जरच्या आतच असेल तर तो २४ अंश तापमान मोजून त्यानुसार दाब ठरवतो आणि बॅटऱ्या मात्र ४० अंशांत तापत असतात. येथे चार्जर आपले काम चोख बजावत असतो, परंतु चुकीच्या खोलीसाठी. म्हणून संवेदकाची तार बॅटरीपर्यंत नेऊन तो संचाच्या मध्यभागी असलेल्या बॅटरीवर चिकटवणे आवश्यक आहे.

७. स्मार्ट चार्जरला जे दिसत नाही :

चार्जर संचाच्या दोन टोकांना जोडलेला असतो. त्याला दिसते ती केवळ बेरीज. या मर्यादेचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बारा व्होल्टच्या १६ बॅटऱ्या एकसर जोडणीत आहेत असे मानू. एकूण ९६ घट झाले. १३.६ व्होल्ट प्रतिबॅटरी या हिशेबाने फ्लोट दाब २१७.६ व्होल्ट होतो. आता एका बॅटरीतील एक घट आतून शॉर्ट झाला, तर तोच दाब उरलेल्या ९५ घटांत विभागला जातो. सदोष बॅटरीवर सुमारे ११.४५ व्होल्ट राहतात आणि इतर १५ बॅटऱ्यांवर प्रत्येकी सुमारे १३.७४ व्होल्ट येतात. चार्जरच्या पटलावर मात्र २१७.६ हाच आकडा दिसतो. दुसरा घट शॉर्ट झाला की निरोगी बॅटऱ्यांवरील दाब आणखी वाढतो, त्यांचे पाणी आटते आणि एका घटाचा रोग संपूर्ण संचात पसरतो.

डिस्चार्जच्या वेळी हीच बेरीज अधिक घातक ठरते. संच प्रतिघट १.७५ व्होल्टवर बंद व्हावा, अशी योजना असेल तर ९६ घटांसाठी ती मर्यादा १६८ व्होल्ट होते. पंधरा बॅटऱ्या प्रत्येकी ११.६ व्होल्टवर असतील, तर त्यांचीच बेरीज १७४ व्होल्ट भरते. म्हणजे सोळावी बॅटरी शून्यावर आली तरी यूपीएस थांबत नाही. उलट इतर बॅटऱ्यांचा प्रवाह तिच्यातून उलट दिशेने दाब निर्माण करत वाहत राहतो आणि ती कायमची निकामी होते.

तिसरी फसगत हिरव्या दिव्याची आहे. ‘बॅटरी भरली’ असे सांगणारा दिवा प्रत्यक्षात एवढेच सांगतो की ठरलेल्या दाबाला प्रवाह कमी झाला आहे. सल्फेटीकरण झालेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. त्यामुळे तिचा दाब लवकर चढतो, प्रवाह लवकर घटतो आणि दिवा लवकर हिरवा होतो. पूर्वी आठ तासांत भरणारा संच तीन तासांत भरू लागला, तर ती समाधानाची नव्हे, चिंतेची बाब आहे. घागर लवकर भरते याचा अर्थ दर वेळी नळाला पाणी जोरात आले असा होत नाही, घागर लहान झाली असाही होतो.

चार्जरला न दिसणाऱ्या बाबींत पाण्याची पातळी, सैल झालेली जोडणी, टर्मिनलवर साचलेला पांढरट-हिरवा थर, फुगलेली पेटी आणि एखाद्याच बॅटरीचे वाढलेले तापमान यांचाही समावेश होतो. या सर्व गोष्टी मात्र प्रयोगशाळा परिचराला पाच मिनिटांत दिसू शकतात.

८. देखभालीची प्रस्तावित कार्यपद्धती :

यासाठी लागणारी साधने अल्प आहेत. डिजिटल मल्टिमीटर, हायड्रोमीटर, तापमापक, ऊर्ध्वपातित पाणी, रबरी हातमोजे, संरक्षक चष्मा आणि एक नोंदवही. विज्ञान विभागात यांपैकी बहुतेक साधने उपलब्धच असतात. संचाचा एकूण दाब दोनशे व्होल्टच्या पुढे असल्याने ही कामे प्रशिक्षित व्यक्तीनेच, अंगावरील धातूच्या वस्तू काढून आणि उष्णतारोधक नव्हे तर विद्युतरोधक मुठीची अवजारे वापरून करावीत.

आठवड्यातून एकदा : पटलावरील एकूण दाब व प्रवाह आणि खोलीचे तापमान यांची नोंद करावी. संचाभोवती एक फेरी मारून वास, गळती, उष्णता व फुगवटा तपासावा.

महिन्यातून एकदा : प्रत्येक बॅटरीस १ ते १६ असा कायमचा क्रमांक देऊन फ्लोट अवस्थेतील तिचा दाब स्वतंत्रपणे मोजावा. सरासरीपासून दूर जाणाऱ्या बॅटरीवर लक्ष ठेवावे. पाण्याची पातळी पाहून फक्त ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त पाणी भरावे. नळाच्या पाण्यातील क्लोराइड आणि लोह प्लेट्सना मारक ठरतात. आम्ल कधीही भरू नये, कारण घटातून पाणी नाहीसे होते, आम्ल नव्हे. पाणी शक्यतो चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरावे. प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे.

तीन महिन्यांतून एकदा : प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. आम्लाच्या तापमानात १० अंशांची वाढ झाल्यास वाचनात सुमारे ०.००७ मिळवावे लागतात. संचातील घटांमधील फरक ०.०३० पेक्षा अधिक असल्यास, बॅटऱ्या पाणी भरण्याच्या प्रकारच्या असतील तर, उत्पादकाच्या सूचनेनुसार समीकरण चार्जिंग द्यावे. टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने पुसून कोरडे करावेत व त्यांना पेट्रोलियम जेली लावावी. सोड्याचे द्रावण घटात जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

वर्षातून एकदा : सुट्टीच्या दिवशी ठरावीक भार जोडून संच किती मिनिटे टिकतो, हे मोजावे. भार दरवर्षी तोच असावा, कारण भार वाढला की बॅटरीची उपलब्ध क्षमता कमी होते. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेल्यास संच बदलण्याचे नियोजन पुढील अंदाजपत्रकातच करावे. अशा प्रकारे बॅटरी बदलणे ही आपत्ती न राहता नियोजित बाब होते.

सुट्टीपूर्वी : चार्जर चालू ठेवून केवळ भार बंद करावा. पाण्याची पातळी भरून घ्यावी. मुख्य स्विच बंद करणे अपरिहार्य असल्यास संच पूर्ण चार्ज करून तोडावा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावा.

नवी आणि जुनी बॅटरी एकत्र जोडण्याचा मोह टाळावा. संच नवा असताना एखादी बॅटरी सदोष निघाल्यास ती बदलणे योग्य ठरते. परंतु तीन-चार वर्षे वापरलेल्या संचात एक नवी बॅटरी घातली तर तिचे आणि इतरांचे गुणधर्म जुळत नाहीत आणि सातव्या भागात सांगितलेली बेरजेची फसगत पुन्हा सुरू होते.

९. सुरक्षितता आणि विल्हेवाट :

हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्के झाले की ते मिश्रण स्फोटक बनते. अतिरिक्त चार्जिंगच्या एका ॲम्पिअर-तासामागे प्रत्येक घटातून सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. ९६ घटांच्या संचास समीकरणाच्या वेळी ५ ॲम्पिअर प्रवाह दिल्यास आणि तो सर्व वायुनिर्मितीत खर्च झाल्यास तासाला सुमारे २०० लिटर हायड्रोजन तयार होतो. जिन्याखालची पाच घनमीटरची बंदिस्त जागा ही मर्यादा गाठण्यास एक तास पुरेसा आहे. म्हणून खाली आणि छताजवळ असे दोन झरोके, शक्य असल्यास बाहेर हवा फेकणारा पंखा, आणि संचाजवळ ठिणगी व ज्योत यांना पूर्ण मज्जाव, या किमान अटी आहेत. जुन्या फाइली व रद्दी बॅटरीच्या खोलीत साठवण्याची पद्धत तत्काळ बंद करावी.

निर्लेखित झालेल्या बॅटरीचे काय होते, हा प्रश्न महाविद्यालयाच्या फाटकापाशी संपत नाही. १५० ॲम्पिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीचे वजन सुमारे ५० किलो असते आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. सोळा बॅटऱ्यांचा संच भंगारात जातो, तेव्हा सुमारे ४०० किलो शिसे बाहेर जाते. उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या ठिकाणी त्याची धूळ व धूर माती, पाणी आणि लहान मुलांच्या रक्तात उतरतो. मुलांच्या बौद्धिक विकासावर त्याचा कायमचा परिणाम होतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे आणि वापरलेल्या बॅटऱ्यांचे असुरक्षित पुनश्चक्रण हे त्याचे एक मोठे कारण आहे.

भारतात याविषयी २००१ मध्ये नियम करण्यात आले. त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आहे. वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता संकलन किंवा पुनश्चक्रण करणाऱ्या घटकाकडेच सोपवणे, ही वापरकर्त्याची जबाबदारी आहे. सर्वाधिक बोली लावणाऱ्या भंगारवाल्यास संच देण्यापूर्वी तो कोठे जाणार, याची लेखी खात्री करून घेणे शिक्षणसंस्थेस शोभणारे आहे. त्याहूनही परिणामकारक उपाय म्हणजे संचाचे आयुष्य वाढवणे. तीन वर्षांत संपणारा संच सहा वर्षे टिकला, तर तेवढ्याच काळात भंगारात जाणारे शिसे निम्मे होते.

१०. निष्कर्ष :

१. बॅटरी संचाचे आयुष्य खरेदीच्या वेळी जितके ठरते, त्याहून अधिक ते चार्जिंग आणि तापमान यांवर ठरते.
२. स्मार्ट चार्जरमुळे अपुरे आणि अतिरिक्त अशा दोन्ही प्रकारच्या चार्जिंगवर नियंत्रण ठेवता येते. मात्र त्यासाठी बॅटरीच्या प्रकाराची योग्य निवड आणि बॅटरीवर बसवलेला तापमान संवेदक आवश्यक आहे.
३. चार्जर संचाची बेरीज पाहतो. एकेका बॅटरीची स्थिती केवळ स्वतंत्र मापनातूनच समजते.
४. वीजपुरवठा सुधारल्यामुळे बॅटरी निकामी होण्याच्या कारणांचे स्वरूप बदलले आहे. देखभालीची पद्धतही त्यानुसार बदलणे गरजेचे आहे.
५. क्रमांकित बॅटऱ्या व मासिक नोंदवही हा सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक उपाय आहे.

समारोप :

महाविद्यालयात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स हे विषय शिकवले जातात आणि त्याच इमारतीच्या जिन्याखाली या तिन्ही विषयांचा एक जिवंत प्रयोग वर्षानुवर्षे निरीक्षकाविना चालू असतो. मासिक मापनाचे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पास जोडल्यास त्यांना प्रत्यक्ष मापनाचा व आलेखाचा अनुभव मिळेल. संचाच्या टोकांवरील जोडण्यांना हात न लावता, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली नोंदी व विश्लेषण एवढेच काम त्यांच्याकडे असावे. त्यातून संस्थेला आपल्या संचाची खरी स्थिती कळेल. स्मार्ट चार्जर हा चांगला सेवक आहे. त्याला काय दिसत नाही, हे जाणणारा धनी मात्र त्याच्या शेजारी असावा लागतो.